टायर अजून पास आहेत

८ जून, रविवार. सकाळी ६.४०
काल संध्याकाळी तोंडवलीच्या उतारावर आमची गाडी घसरली, असं शर्मिलेचं म्हणणं. गाडी घसरली नाही. सरकली. घसरणं आणि सरकणं यात फरक आहे. चौतीस वर्षं हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला तो कळतो, त्याच्या बायकोला कळत नाही. सरकत सरकत ती काजूच्या बागेच्या दगडी गडग्याला टेकली आणि शहाण्यासारखी थांबली. गडग्याचे दोन चिरे पडले. म्हणजे गडगाच कच्चा होता.
घरी आल्यावर ही पडवीत पाय धुताना म्हणाली, टायर बदलल्याशिवाय माका त्या गाडयेत बसूचा नाय. आणि गणपतीय बसूचो नाय.
गणपतीला मध्ये आणायची काही गरज नव्हती. घरचा गणपती मूर्तिकार विश्रामच्या गणपतीच्या शाळेतून घरी आणायचा मान माझा. थोरला म्हणून. बाबा डोक्यावरून आणायचे. मीही तीस वर्षं डोक्यावरून आणला. रिटायर झालो, हायब्रीड गाडी घेतली, तेव्हापासून पाच वर्षं बाप्पा एसीत येतो. पुढे ही, आरतीचं ताट घेऊन. मागे धाकटा भाऊ धनेश, मांडीवर पाट. गाडी चालवणारा मी. हा क्रम बदलणार नाही.
संकल्प: १५ जूनच्या आत टायरचा विषय शास्त्रशुद्ध पद्धतीने निकालात.
अ‍ॅव्हरेज २७.४. पावसात! कोणाचं येतं?

११ जून, बुधवार
शाळेने निरोपसमारंभात शाल दिली होती. व्हर्नियर कॅलिपर मी स्वतः घेतला होता. आज उपयोगी पडला. टायरच्या खाचांची खोली मोजली. कायद्याने कमीत कमी १.६ मिलिमीटर हवी. माझं रीडिंग १.७. पास!
काठावर पास झालेला मुलगाही पासच असतो. त्याला कोणी गटारात टाकत नाही.
हिला जाऊन सांगितलं. ही चूल सारवल्यासारखा ओटा पुसत राहिली.
अ‍ॅव्हरेज २७.६.

१६ जून, सोमवार. रात्री
मुदत काल संपली. पण १५ ला रविवार होता, आणि रविवार धरत नाहीत.
आज कसालला प्रीतमच्या टायरच्या दुकानात गेलो. प्रीतम माझा विद्यार्थी. दहावीला विज्ञानात पस्तीस. त्यातले चार मी दिलेले. त्याने टायरवरून नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाला, सर, हे टायर नाय, हे गोटे आसत. व्हर्नियर नाही, काही नाही. अंगठा!
मी त्याला घर्षणाचे प्रकार विचारले. त्याला दोन आठवले. मग तो म्हणाला, सर, तुमची गाडी हायब्रीड, वजनान जड, आणि बॅटरीवर एकदम जोर मारता. ओल्या रस्त्यार तुमका पाणी कापणारो टायर व्हयो. अ‍ॅव्हरेज दीडेक किलोमीटर खाली येतला, पण ब्रेक लागतलो. आणि कुठलासा एक टायर काढून दाखवला.
दीडेक किलोमीटर! जसा काही दीडेक बटाटा.
चहा पाजला. चहा चांगला होता. टायर घेतला नाही. पहिल्याच दुकानात पहिलाच टायर घेणारा माणूस कसला अभ्यासू.

२९ जून, रविवार
तक्ता तयार. चौदा टायर, नऊ रकाने. चार रंगांची पेनं. निष्कर्ष धक्कादायक आहे. जो टायर पाण्यात धरतो तो पेट्रोल खातो, आणि जो पेट्रोल वाचवतो तो पाण्यात धरत नाही. आजवर हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? कंपन्यांना लिहिणार आहे. मालवणच्या पावसात धरेल आणि २७ च्या खाली येणार नाही असा टायर निघेपर्यंत घाई करण्यात अर्थ नाही.
ही काल बाजाराला एस्टीने गेली. मी एस्टीच्या मागे मागे रिकामी गाडी घेऊन मालवणपर्यंत गेलो. काळजी म्हणून. ती उतरली, मी पुढे जाऊन दार उघडलं. स्टँडवर सगळे बघत होते. तिने बाजार केला, पिशव्या माझ्या मागच्या सीटवर ठेवल्या, दार लावलं आणि परत एस्टीत जाऊन बसली. बटाटे गाडीतून आले. ही एस्टीतून.
बटाट्यांना काही झालं नाही, हे मी तिला संध्याकाळी दाखवून दिलं.
अ‍ॅव्हरेज २८.१. माणूस कमी असला की वाढतं.

१४ जुलै, सोमवार
हद्द झाली.
ही देवळात गेली, मी सोबत गेलो. पायी. मला वाटलं नेहमीसारखा नारळ ठेवायचा असेल. तर हिने गुरवाच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि गुरवाने सगळ्या गावासमोर गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, मास्तरणीन तुझ्यासमोर नारळ ठेवल्यान हा.
सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा.
मास्तराक टायर बदलूची बुदी दी रे म्हाराजा.
व्हय म्हाराजा!
आणि ह्यात मी पण होतो. लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं. चांगलं मोठ्याने. हात जोडून.
बाहेर आल्यावर ही म्हणाली, आता तुमीच व्हय म्हटलात. देवासमोर.
सवयीने दिलेलं उत्तर ग्राह्य धरत नाहीत. मी परीक्षेत कधीच धरलं नाही.
संध्याकाळपासून चौघांनी विचारलं, मास्तर, बुद्धी इली? मी कोणाला दाद देणार नाही. नारळ मात्र आमच्याच माडाचा होता, हे वाईट.

२४ जुलै, गुरुवार. रात्री
धनेशचा मुंबईहून फोन. त्याने नवीन उंच गाडी घेतली. चाकं केवढी, तर म्हणे आपल्या विहिरीच्या रहाटाएवढी. मग हळूच म्हणाला, दादा, यंदा गणपती माझ्या गाडयेतसून हाडूया? वहिनी पण म्हणत होती.
वहिनी पण! म्हणजे हे दोघं माझ्या पाठीमागे बोलतात.
सांगितलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर बाप्पा माझ्याच गाडीतून येईल. तो म्हणाला, जीव आसा तोवर म्हणानच सांगतंय. फोन ठेवला.
हिच्यासमोर जाहीर केलं: टायर घेतोय. ताबडतोब. प्रीतमला फोन केला, त्याने दाखवलेलाच टायर सांगितला. चौदांपैकी तो माझ्या तक्त्यात अकरावा होता, पण मनाचा मोठेपणा म्हणून.
रात्री जेवणात सोलकढी होती. मागितली नव्हती.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
टायर आले. सकाळी कसालला गेलो. चारही बारकाईने तपासले. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, कोणत्या आठवड्यात बनला ते. तीन टायर यंदाच्या एप्रिलमधले. चौथा फेब्रुवारीचा! दोन महिने शिळा.
प्रीतम म्हणाला, सर, टायर म्हणजे बांगडे नाय, ताजे बघूक. पाच वर्सा टिकतत.
मी म्हटलं, चारही एका आठवड्याचे आण. तो म्हणाला, सर, चवथीच्या आधी शक्य नाय, सगळे मुंबयकार येतले, स्टॉक जातलो. ह्येच घेवा. मी म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व. प्रयोगात चारही नमुने सारखे नसतील तर निष्कर्ष निघत नाही. रद्द.
येताना बंदरावर सगळे समुद्राला नारळ सोडत होते. मीही सोडला. मन हलकं झालं. शेंडी तुटो की पारंबी तुटो.
घरी सांगितलं, पुढच्या आठवड्यात येतात. हे खोटं नाही. कुठल्यातरी पुढच्या आठवड्यात येतीलच.
अ‍ॅव्हरेज २७.२. किनाऱ्यावर वारा समोरून होता.

२१ ऑगस्ट, गुरुवार
चतुर्थीला सहा दिवस. ही रोज सकाळी विचारते, आज इले? मी म्हणतो, वाटेत आहेत. मग ती गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान मोजायला जाते.
आज हिने फळीवरून खोबरेल तेलाची बाटली खाली काढली. मे महिन्यात आमच्याच माडांच्या नारळांचं घाण्यावरून काढून आणलेलं. ही एक बाटली बाप्पाच्या समईची. देवघराच्या कोनाड्यात ठेवली आणि बजावलं, हेका कोणी हात लावूचो नाय.
मी कशाला हात लावू. मला डोक्यावर केस किती.
पाऊस थांबत नाही. उतारावरच्या गडग्याचे चिरे बागवाल्याने परत लावले. यावेळी सिमेंटने. चांगलं झालं.

२५ ऑगस्ट, सोमवार. सकाळपासून
तळेऱ्याला फोन. नाही. कुडाळ, नाही. कणकवली, एक आहे. एक टायर घेऊन मी काय झोपाळा बांधू?
प्रीतमला फोन करणार नाही. पस्तीस मार्कांच्या मुलाने ‘सर, मी सांगलय होतंय’ म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं? तसाच मरेन.
धनेश दुपारी पोचला. गाडी घरापुढच्या खळ्यात मावली नाही. बाहेर लावली. ती बघायला अर्धी वाडी जमली. हिने तिला कुंकू लावलं. दीराच्या गाडीला! मी पडवीत बसून सगळं पाहत होतो. शेवटी राहवलं नाही, मोठ्याने म्हणालो, उद्या माझे चारही टायर बदललेले असतील.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. हीसुद्धा. खूप दिवसांनी तिने असं सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाली, खरा?
मी म्हटलं, गुरुदास मास्तर वर्गात कधी खोटं बोलला नाही.
आता रात्रभर विचार करतो.

२६ ऑगस्ट, हरतालिका. पहाटे ५.३०
सुचलं! इतकं सोपं, की आर्किमिडीजसारखं बाथरूममधून ओरडणार होतो.
टायर बदलणे म्हणजे काय? चाकाच्या जागी असलेला टायर जाऊन दुसरा येणे. पुढचे मागे, मागचे पुढे. चारही जागी टायर बदलले. शब्द पाळला. याला शास्त्रात रोटेशन म्हणतात, कंपनीच्या पुस्तकातही शिफारस आहे.

१०.१५
ही उपास धरून वाडीतल्या नर्मदाकाकूंकडे हरतालिका पुजायला गेली. धनेश झोपलेला. जॅक लावून एकट्याने चारही चाकं फिरवली. कंबर गेली. पण एक अडचण. टायर दिसायला तेच. करडे, भेगाळलेले, माझ्यासारखे. नवे टायर काळेभोर दिसतात. दुकानातली पॉलिशची बाटली मिळणार कुठून, दुकान प्रीतमचं.
देवघरात गेलो. सहज.

११.०५
वा! फडक्याने चोळून चोळून लावलं. काम करायचं तर नीट. अंगाला, कडांना, आणि रस्त्याला टेकतो तो भागही सोडला नाही, गाडी पुढे-मागे घेऊन सगळा गोल पुरा केला. असे काळेभोर चमकतात की व्हर्नियर लावायची गरज नाही. उघडंबोडकं रबर, त्यालाही तेलाची गरज असतेच. बाटलीत तळाला थोडं उरलं होतं, तेही स्टेपनीला लावलं. समईला काय, कुठलंही तेल चालतं. ज्योतीला वास कळत नाही.

संध्याकाळी
ही आली. गाडीभोवती एक फेरी मारली. हात लावून बघायला वाकली, मी म्हटलं ओले आहेत, आत्ताच धुतले. ती आत गेली. मला वाटलं संपलं. तर हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. चारही टायरांची पूजा केली. एकेका टायरापुढे बसून, उपाशी पोटी. कुंकू काय छान चिकटलं, एरवी रबरावर राहत नाही. मग पुढच्या चाकाजवळ नारळ फोडला. सगळीकडे खोबऱ्याचा वास. बरं झालं.
उठताना माझा हात धरून उठली. म्हणाली, माका वाटला होता तुमी काय बदलूचे नाय. आणि हसली.
क्षणभर सांगून टाकावं असं वाटलं. पण धनेश पडवीत उभा होता.
निर्णय: उद्या वीसच्या वर स्पीड न्यायचा नाही. चवथ झाली की दुसऱ्याच दिवशी गुपचूप खरे टायर. कोणाला कळणार पण नाही. विजय.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी. रात्री
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. शास्त्रीय नोंद म्हणून.
सकाळी ७.३०. ही पुढे बसली. ऐंशी दिवसांनी. नवी साडी. धनेश मागे. विश्रामच्या शाळेतून मूर्ती घेतली, पाट धनेशच्या मांडीवर. पाऊस जोराचा. जाताना गाडी दोनदा जरा लाडात आल्यासारखी हलली, मी म्हटलं नवे टायर, अंगाशी जुळायला वेळ लागतो. ही म्हणाली, व्हय ना, नवी वहाण पण लागता. तिचा विश्वास होता, हे नमूद करतो.
८.१०. येताना तोंडवलीचा तोच उतार, आता चढ. अर्ध्यावर गाडी थांबली. म्हणजे चाकं फिरत होती, गाडी फिरत नव्हती. मी अ‍ॅक्सिलरेटर दिला. चाकं आणखी जोरात. गाडी हळूच, अगदी सभ्यपणे, मागे जायला लागली. ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी जात राहिली. धनेश मागून ‘दादा, दादा’ करत पाट छातीशी धरून बसला. हिने एका हाताने ताट धरलं, दुसऱ्या हाताने माझा दंड.
गडग्याला टेकली. सिमेंटचा होता, एक चिरा हलला नाही. मागचा दिवा गेला. बाप्पाला ओरखडा नाही. कोणालाही काही नाही. हे महत्त्वाचं.
ही उतरली. चाकाला अडसर म्हणून दगड लावायला खाली वाकली आणि तशीच राहिली. रस्त्यावरून पाणी वाहत होतं, त्यात कुंकवाचा लाल ओघळ, आणि त्यावर तेलाची सगळ्या रंगांची साय. तिने टायरवरून बोट फिरवलं. वास घेतला.
म्हणाली, ह्यो वास खयचो?
मी म्हटलं, कालचा नारळ.
म्हणाली, समयेचा त्याल?
मी चौतीस वर्षं आठवीला शिकवलं. प्रश्न: घर्षण कमी करण्यासाठी काय करावे? उत्तर: तेल लावावे. दरवर्षी, दोन मार्कांना. हे त्या क्षणी आठवलं. त्याआधी नाही.
ती ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं, पन्नास उत्तरं होती. ती ओरडली नाही. धनेशला म्हणाली, गणपती ह्यांच्या डोक्यार ठेव.
ठेवला. निघालो. दीड किलोमीटर, पायी. ती शेजारून छत्री धरून. छत्री बाप्पावर. मी भिजत होतो. कंबर कालपासून गेलेलीच. पण सांगून ठेवतो, पाय एकदाही घसरला नाही. अनवाणी होतो.
मान माझाच राहिला. बाप्पा मीच आणला, धनेशच्या गाडीतून आला नाही. हे कोणी नाकारू शकत नाही.
गाडी मागाहून वाडीतल्या माणसांनी ‘मोरया’ म्हणत ढकलत आणली. स्टेअरिंगला धनेश. तो सांगतो, ढकलताना स्क्रीनवर अ‍ॅव्हरेज ९९.९ दिसत होतं. एवढा मोठा आकडा आजवर आला नव्हता. नोंद केली.
समई नर्मदाकाकूंच्या तेलावर लागली. वाटीभर मागून आणलं. हिने प्रीतमला फोन केला. माझ्यासमोर.

२८ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी
प्रीतम टेम्पोत घालून तेच चार टायर घेऊन आला. तीन एप्रिल, एक फेब्रुवारी. विकलेच नव्हते. सणाची गर्दी असून बाजूला ठेवले होते. म्हणाला, सर येतले ह्या माका म्हायत होता. ‘मी सांगलय होतंय’ म्हणाला नाही. मी वाट बघत होतो, तयारीत होतो.
खळ्यात बसून अर्ध्या-पाऊण तासात चारही घातले. मी व्हर्नियर घेऊन उभा होतो. कोणी मागितला नाही. जुने टायर काढताना त्याचा हात घसरला तेव्हा त्याने हात नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून काम करायला लागला. पस्तीस मार्क कमीच दिले होते, असं वाटतं. निवड मात्र शेवटी माझ्याच तक्त्यातली, अकरावा नंबर.
मग तो म्हणाला, उतारार एक ट्रायल घेतंय. स्टेअरिंगला बसला. ही आतून आली, पदर खोचला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मी मागचं दार उघडलं.
ही म्हणाली, तुमी खंय? धनेश भायर गेलो, घराक कोण आसा? समयेर लक्ष ठेवा. त्याल कमी झाला तर घाला.
दार लावलं. गाडी आवाज न करता गेली. हायब्रीडचं हेच वैशिष्ट्य आहे, गेलेली कळत नाही.
समईत तेल कमी झालंय. काकूंची वाटी संपली. कोनाड्यातली बाटली उपडी करून बघितली. जुने चार टायर खळ्यात मांडवाखाली पडलेत, त्यांना मुंग्या लागल्यात.
अ‍ॅव्हरेज: माहीत नाही. मी गाडीत नव्हतो.